सगळ्या खुंट्या भरलेल्या

मंगळवार, ता. ९

गेंड्या,

सप्रेम नमस्कार. यातलं 'सप्रेम' हाताच्या सवयीने पडलंय, फार मनावर घेऊ नकोस. तू तिकडे मजेत असशील. आम्ही इकडे मजेत नाही. झाली ख्यालीखुशाली.

तुझा फोन गुरुवारपासून बंद आहे. तुमच्या घरी खेटे घालून माझ्या चपला झिजल्या. काकू दर वेळी दारातच सांगायच्या, "अरे, तो मामाकडे गेलाय, जरा विश्रांतीला." मी म्हटलं, काकू, विश्रांती माणूस काम केल्यावर घेतो. त्या हसल्या, पण पत्ता देईनात. शेवटी तुमच्या स्वयंपाकघरातला तो कायम गळणारा नळ मी खोलला, वायसर बदलला आणि हात पुसता पुसता पुन्हा विचारलं. तेव्हा कुठे मिळाला. तुझ्या आईला नळासाठी मी आठवतो आणि तुला कशासाठीच आठवत नाही, हे बरं आहे.

उस्तादांचा पाय वाचलाय. म्हणजे जागेवर आहे, एवढंच. गुडघ्याखाली हाडाचा चुरा झाला होता, सळई घातलीये. तू आला नाहीस म्हणून सांगतो, नाहीतर मला ते पुन्हा आठवायची हौस नाही. गुरुवारी सकाळी दातांच्या डॉक्टरच्या बिल्डिंगमधून तक्रार आली की दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार खरखरतंय. आपण दोघं अजून पोचलो नव्हतो, म्हणून उस्ताद स्वतःच गेले. दार उघडं ठेवून, एक पाय लिफ्टमध्ये नि एक बाहेर, खाली वाकून दाराखालची पट्टी साफ करत होते. दार उघडं असताना लिफ्ट हलत नाही हे त्यांनीच आपल्याला पहिल्या दिवशी शिकवलं. वरून कुणीतरी बटण दाबलं आणि लिफ्ट हलली.

मशीनच्या खोलीत जंपर लावलेला सापडला.

टाचणीला हे समजावून सांगावं लागलं. तिची फिजिओथेरपीची ड्यूटी नेमकी त्याच हॉस्पिटलात, आणि उस्ताद तिच्याच वॉर्डात. मी म्हटलं, अगं, प्रत्येक दाराला एक कुलूप असतं, ते लागलं की लिफ्टला कळतं, आता चालायला हरकत नाही. दुरुस्ती करताना दार उघडं ठेवून लिफ्ट हलवावी लागते, तेव्हा वर पॅनेलमध्ये एक वायर दोन चिमट्यांनी लावायची. लिफ्टला वाटतं सगळी दारं बंद आहेत. ती म्हणाली, "म्हणजे लिफ्टला फसवायचं." मी म्हटलं, हो, थोडा वेळ. आणि काम झालं की वायर काढायची. ती म्हणाली, "आणि नाही काढली तर?" मी वॉर्डाकडे बोट दाखवलं.

आता ऐक. बुधवारी संध्याकाळी त्या लिफ्टवर तू आणि मी होतो. दुसरं कुणी नव्हतं. आणि बुधवारी दुकान बंद करताना सगळ्या खुंट्या भरलेल्या होत्या. प्रत्येकाच्या नावाची खुंटी, प्रत्येक खुंटीवर जंपरची एक वायर, एक जरी रिकामी दिसली तरी कुणी घरी जायचं नाही, हा उस्तादांचा नियम मी मॅनेजरला सांगितला, जणू त्याला माहीत नाही. तो म्हणाला, "म्हणजे कुणीतरी जास्तीची वायर बनवली." आणि माझ्याकडे बघत राहिला.

माझ्याकडेच का, ते तुला ठाऊक आहे. बुधवारी सकाळी उस्तादांनी सगळ्यांदेखत मला म्हटलं, "हेही कॉलेजसारखं अर्धवट सोडलंस का रे?" आणि मी हातमोजे फेकून म्हटलं, "तुम्हाला एकदा लिफ्टनेच शिकवायला पाहिजे." आता ते वाक्य दुकानात सगळ्यांच्या तोंडपाठ झालंय. पाळणाघरातली पोरं कविता म्हणतात तसं म्हणतात.

येत्या सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी, म्हणजे बावीस तारखेला, सरकारी इन्स्पेक्टरसमोर चौकशी आहे. ज्याचं नाव त्यात पडेल त्याचं लायसन जाईल आणि वर पोलिसांकडे कागद जाईल. तू आलास तर आपण दोघं मिळून काय ते सांगू. नाही आलास तर मी एकटाच उरतो, आणि एकट्याकडे बोट दाखवायला फार विचार करावा लागत नाही.

म्हणून ये. सबबी बॅगेत भरून आण, प्रवासात वाचून काढू.

भडका

ता. क. टाचणीला मी अजून काही बोललेलो नाही. तू म्हणालास, परीक्षा होऊ दे, मग म्हणालास, ड्यूटी लागू दे. उद्या म्हणशील तिची पोरं शाळेत जाऊ देत. माझं कॉलेज कोणाच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसून बुडालं हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. माझा बाप अजून समजतो की मला गणित जमलं नाही.

⁂

रविवार, ता. १४

गेंड्या,

नमस्कार. आज विशेषण नाही.

पत्र तुला मिळालंय. मामाने पोस्टमनकडून हातात घेतलं, असं काकूंना फोनवर सांगितलं म्हणे. म्हणजे तू जिवंत आहेस, हात धड आहेत आणि घरात पेन नसेल असं मला वाटत नाही.

मला कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय, चौकशी होईपर्यंत. घरी बसलो की बाबा पेपरमागून बोलतात. "इंजिनिअर व्हायला निघाला होता, लिफ्टमध्ये अडकला." आई म्हणते, "अहो, गप्प बसा." ते म्हणतात, "मी कुठे बोलतोय? मी वाचतोय." असं दिवसभर चालतं. मी एकदा ताट आपटलं, तर आई म्हणाली, "हेच तुझं सगळीकडे नडतं." खरंय. तू ताट आपटत नाहीस. तू हळूच उचलून ठेवतोस आणि निघून जातोस.

शुक्रवारी इन्स्पेक्टर दुकानात आला होता, तेवढ्यापुरतं मला बोलावून घेतलं. सडपातळ माणूस, दर वाक्याआधी चष्मा काढतो. त्याने टेबलावर वायर ठेवली आणि विचारलं, "ही कुणाची?" मॅनेजर म्हणाला, सगळ्यांच्या खुंटीवर आहेत साहेब, ही कुणाचीच नाही. इन्स्पेक्टरने मला हातात दिली. मी पाहिली. वायरसारखी वायर होती. मी परत दिली.

"ओळखता का?"

"नाही."

"तुम्ही बुधवारी संध्याकाळी कुठे होतात?"

"खाली. लिफ्टच्या डोक्यावर."

"वर कोण होतं?"

मी तुझं नाव सांगितलं, ते तर दुकानातल्या रोजच्या कामाच्या पाटीवरच लिहिलंय. मग तो म्हणाला, "खाली असलेल्याने विचारल्याशिवाय जागा सोडायची नाही असा तुमचा नियम आहे म्हणे." मी म्हटलं, हो. खालच्याने ओरडून विचारायचं, 'जंपर?' वरच्याने वायर काढून, हातात धरून, मग म्हणायचं, 'काढला.' तो म्हणाला, "तुम्ही विचारलंत?" मी म्हटलं, विचारलं. "उत्तर आलं?" मी म्हटलं, आलं. त्याने चष्मा लावला आणि लिहून घेतलं. मॅनेजर गालातल्या गालात हसला. त्याला वाटलं मी तुझ्यावर ढकलतोय. वरच्याने सांगितलं असं खालचा म्हणणारच, आणि वरचा तर इथे नाही.

टाचणी भेटली. उस्तादांच्या पायाची बोटं हलवून घेत होती आणि ते तिला सांगत होते, "पोरी, मोटार आधी तपास, मग वायरिंग." तिला हसू आवरेना. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "त्याच्यावर फार चिडू नकोस हं. त्याला ताप आहे, अंगात त्राण नाही."

मी म्हटलं, "बरं."

मग बसस्टॉपपर्यंत गेल्यावर माझी ट्यूब पेटली. तुझा फोन बंद आहे. तुला ताप असल्याचं काकूंना माहीत नाही. मामाने सांगितलं नाही. मग हिला कुणी सांगितलं? मी तिथेच उभा राहिलो, बस आली नि गेली. नंतर वाटलं, तू नवीन नंबर घेतला असशील, तिच्याकडे काहीतरी निरोप असेल, वॉर्डातल्या उस्तादांची चौकशी करायची असेल. माणसाचं डोकं किती सोयीचं असतं बघ.

हे पत्र इथे संपवणार होतो. सही करायला पेन टेकवलंसुद्धा होतं.

वायर वायरसारखी नव्हती, गेंड्या. चिमट्याजवळची टेप उलटी गुंडाळलेली होती. आपल्या दुकानात टेप उलटी एकच माणूस गुंडाळतो, कारण तो एकटाच डावखुरा आहे. उस्ताद तुला किती बोलायचे त्यावरून. "अरे, घड्याळ फिरतं त्या बाजूने फिरव की," आणि तू म्हणायचास, "माझं घड्याळ असंच फिरतं." मी ती वायर हातात घेतली तेव्हा बोटांनाच कळलं, बघायची गरज पडली नाही. आणि मी 'नाही' म्हणालो.

मग मी हातमोजे घ्यायचं निमित्त करून आत गेलो आणि तुझी खुंटी पाहिली. तिच्यावर वायर आहे. चिमटे असे चकचकीत की त्यात तोंड दिसावं.

मी कुणाला काही बोललेलो नाही. का, ते मला विचारू नकोस, कारण मी स्वतःला विचारतो तेव्हा फक्त चिडचिड होते. चौथीत तू माझ्या वाटणीच्या छड्या खाल्ल्या होत्यास म्हणून असेल. इंजिनिअरिंग सोडल्यावर सगळे माझ्याकडे बघायचे तेव्हा तू मला हाताला धरून उस्तादांकडे नेलंस म्हणून असेल. पण ते खातं किती पुरवायचं? उस्तादांच्या पायात सळई आहे, माझं नाव चौकशीत आहे आणि तू मामाच्या ओसरीवर बसून ताप मोजतोयस.

कशी झाली चूक एवढं तरी लिही. चूक मला समजते. माझ्या आजवरच्या आयुष्यात तेवढंच साहित्य आहे. पण चूक करून पुढे खुंटी भरायची, हे तुझं कधी नव्हतं.

ये.

भडका

⁂

शनिवार, ता. २०

गेंड्या,

हे हॉस्पिटलच्या आवारातल्या बाकावर बसून लिहितोय. समोरच्या बाकावर टाचणी बसली आहे, मांडीवर पिशवी, पिशवीत तुझ्यासाठी गोळ्या. तिची बस थोड्या वेळात इथल्याच गेटवरून आहे. उद्या तिला सुट्टी, म्हणून ती तुझ्याकडे निघाली आहे. मला म्हणाली, "पत्र द्यायचं असेल तर दे, पोस्टाने पोचेपर्यंत सोमवार उजाडेल." म्हणून हे. अक्षर वाईट आलं तर कारण एवढंच, कागदाखाली धरायला काही नाही.

उस्तादांनी काल इन्स्पेक्टरला सांगून टाकलं की वायर त्यांची आहे.

इन्स्पेक्टर वॉर्डात वायर घेऊन आला होता. उस्तादांनी ती हातात घेतली, चिमट्याजवळून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "माझीच. घरी बनवली होती. त्या दिवशी सकाळी मीच लावली आणि विसरलो. वय झालं साहेब." इन्स्पेक्टरने चष्मा काढला, लावला, लिहून घेतलं. मला हे नर्सने सांगितलं. मी तिथून थेट त्यांच्या पलंगाशी गेलो.

"उस्ताद, खोटं का बोललात?"

"कशावरून खोटं?"

"टेप उलटी आहे."

"मग काय झालं? माणूस एखाद्या दिवशी उलटा वागतो."

"तुम्ही वागत नाही."

"हळू बोल. पलीकडच्याचं आत्ताच ऑपरेशन झालंय."

मी हळू बोललो. म्हणजे माझ्या मानाने हळू. म्हटलं, तुमचं लायसन जाईल. ते म्हणाले, हा पाय घेऊन मी कुठल्या मशीनच्या खोलीत चढणार आहे, लायसन काय भिंतीला लावून आरती करायचीये? मी म्हटलं, तुमचं नाव जाईल. ते चादरीची घडी नीट करत बसले. मग म्हणाले, "त्याचा बाप वरच्या खोलीत असायचा आणि मी खाली. त्याने वरून 'काढला' म्हटलं की मी डोळे मिटून पाय टाकायचो. जाताना त्याने पोराला माझ्या हातात दिला. आता मी त्याला इन्स्पेक्टरच्या हातात देऊ?"

"आणि मला दिलात त्याचं काय?"

"तुला कुठे दिलं? तुला द्यायला लागू नये म्हणून तर माझी म्हटलं, गाढवा."

मी स्टुलावर बसलो. मग त्यांनी दाराकडे बघत विचारलं, "तो आला नाही अजून?"

गेंड्या, तेवढंच विचारतात ते. मी आलो की माझ्या मागे बघतात. नर्स आली की तिच्या मागे बघतात. जेवणाचा डबा आला तरी आधी दाराकडे बघतात.

सोमवारी काय होईल ते तुला लिहून देतो. इन्स्पेक्टर लिहील, उस्तादांच्या निष्काळजीपणाने उस्तादांना इजा झाली. कंपनी हात झटकेल. मी सुटेन. तू सुटशील. आणि यापुढे नवीन पोरं दुकानात आली की मॅनेजर त्यांना त्या खुंट्या दाखवेल आणि सांगेल, "बघा, इथे एक म्हातारा होता, एवढा जुना माणूस, तोसुद्धा जंपर विसरला." ज्याने तो नियम केला त्यालाच त्या नियमाचा वाईट नमुना म्हणून दाखवतील. पाय गेला तर माणूस काठी घेतो. याला काय घ्यायचं?

हे मी होऊ देणार नाही. सोमवारी मी उठून सांगणार आहे.

आता अडचण कुठे आहे ते सांगतो. इतके दिवस सांगायचं टाळलं, कारण लिहिलं की ते खरं होईल असं वाटत होतं. वाटायचं काय, झालंच आहे.

परवा टाचणीसोबत कॅन्टीनमध्ये चहा घेत होतो. ती आपणहून म्हणाली, "त्याने तुला सांगितलंच असेल म्हणा." मी म्हटलं, काय? ती म्हणाली, "अरे, बुधवारचं." मला बुधवार म्हणजे लिफ्ट एवढंच माहीत. मी कपाकडे बघत म्हटलं, "हो, सांगितलं." मग ती बोलत राहिली. की तिने तुला सांगून ठेवलं होतं, तिची इथली ड्यूटी संपत आलीये, घरचे दुसऱ्या गावी बोलावतायत, तेव्हा एकदा काय ते स्पष्ट सांग. बुधवारी संध्याकाळी बागेच्या फाटकाशी ये, आणि नेहमीसारखा उशीर केलास तर तेच तुझं उत्तर समजेन. "आणि बघ ना," ती म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा तो वेळेवर आला. धापा टाकत. हाताला ग्रीस तसंच."

हसत होती, गेंड्या. मीही हसलो. चहा चांगला होता असं काहीतरी म्हणालो.

म्हणजे आता सगळं जागेवर बसलं. तू वर होतास, बॅग खांद्यावर टाकून झाली होती, मी खालून विचारलं आणि तू 'काढला' म्हणालास. शब्द आधी गेला, हात मागून जाणार होता, तो गेलाच नाही. दुकानात आल्यावर बॅगेत वायर नाही हे कळलं. परत जायचं तर बिल्डिंग गावाच्या दुसऱ्या टोकाला आणि फाटकाशी ती उभी. खुंटी रिकामी ठेवावी तर कुणी घरी जाणार नाही, तूही नाही. म्हणून मागच्या खोलीत जाऊन नवीन वायर बनवलीस, खुंटीला लटकवलीस, आणि मनाशी म्हणालास, सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन काढतो. गेलाही असतास. मला माहीत आहे गेला असतास. पण तक्रार तुझ्याआधी पोचली आणि उस्ताद तक्रारीच्या मागोमाग.

किती दिवस तू मला 'थांब' म्हणत होतास त्याचाही अर्थ लागला. मला वाटायचं तू माझा उतावीळपणा आवरतोयस.

आता माझी पंचाईत बघ. सोमवारी मी उभा राहून खरं सांगितलं, की वायर गेंड्याची आहे, आणि घाई का झाली तेही सांगितलं, तर कोण म्हणेल की भडका खरं बोलतोय? तू म्हणशील, जळून बोलला. ती म्हणेल, जळून बोलला. मी स्वतः रोज दाढी करताना आरशात बघतो आणि मला खात्री देता येत नाही. तू माझ्या तोंडातलं खरंसुद्धा नासवून ठेवलंयस. वायरीपेक्षा मला याचा राग जास्त आहे. आणि गप्प बसलो तर मी भला मित्र ठरतो आणि उस्ताद विसराळू म्हातारा. अशा भलेपणाला मी काय करू?

टाचणीने आत्ता विचारलं, "एवढं काय लिहितोयस रे, प्रबंध आहे का?" मी म्हटलं, शुद्धलेखन तपासतोय. ती म्हणाली, "तू?"

बसायला आलो तेव्हा पाकीट चिकटवायचं असंच ठरवलं होतं. डिंकाची बाटली वॉचमनच्या चौकीवरून मागून आणलीये, ती इथे शेजारीच आहे. पण लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की चिकटवलेलं पाकीट म्हणजे पुन्हा तेच. मला माहीत, तुला माहीत, उस्तादांना माहीत, आणि जी त्यांच्या पायाची बोटं रोज हलवते तिला एकटीलाच माहीत नाही. तिला आपण तिघांनी मिळून उघड्या दारात उभं केलंय.

म्हणून पाकीट उघडं देतोय. बसमध्ये ती वाचेल. वाचू नको असं मी सांगणार नाही, आणि तिला न वाचता राहवणारही नाही.

टाचणे, तू इथवर आलीस तर पुढचं तुझ्यासाठी आहे. वेळेवर ये म्हणणं हा काही गुन्हा नाही. तू त्याला वायर लावायला सांगितली नव्हतीस आणि खोटं बोलायलाही नाही. तेव्हा उस्तादांच्या पायाचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेऊन रडत बसू नकोस, तुला तशी सवय आहे. आणि माझं जे काही वर लिहिलंय, कॅन्टीनमधल्या चहाचं, तुझ्यासाठी थांबण्याचं, ते खरं आहे. मला ते तुला असं सांगायचं नव्हतं. एकदा तरी नीट कपडे घालून सांगायचं होतं. पण ते झाकून ठेवलं असतं तर त्याच्याबद्दल लिहिलेलं बाकी सगळं तुला संशयाने वाचावं लागलं असतं. आता सगळं तुझ्यासमोर आहे, माझं जळणंही. त्यातून खरं किती ते तू निवडून घे. उत्तर मागत नाही. उत्तर तू बागेच्या फाटकाशी दिलेलं आहेस.

गेंड्या, पुन्हा तुझ्याशी. ती हे पत्र तुझ्या हातात देईल तेव्हा तिला सगळं माहीत असेल. तेव्हा तापाचं सांगू नकोस. उद्या संध्याकाळची बस तिकडून सुटते, तिने परतीची दोन तिकिटं काढली आहेत, कारण तिला वाटतंय ती तुला बरं करून आणणार आहे. त्यातलं एक तुझं आहे. आधी वॉर्डात जा, मग सोमवारी चौकशीला. तू स्वतः सांगितलंस तर मी तोंडातून ब्र काढणार नाही, तुझ्या शेजारी बसेन, आणि पोलिसांकडे जायची वेळ आली तर तिथेही बसेन. तू आला नाहीस तर मी उभा राहीन आणि सांगेन. मग लोकांना मी कसा वाटायचा तसा वाटेन. मला आता त्याची फिकीर करायला वेळ नाही.

बसवाला भोंगा वाजवतोय. ती उठली. हात पुढे केलाय.

तुझा, निदान सोमवारपर्यंत,

भडका